हिरवा हायड्रोजन आधी लोखंडाला, मग मोटारीला

खाणीतून लोखंड निघत नाही. निघतो तो लोखंडाचा गंजच म्हणा ना! आपल्या देशात विपुल सापडणारे हेमॅटाइट हे खनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. पावसाळ्यात खिडकीच्या गजांवर जो तांबूस थर चढतो त्याचे हे जवळचे भावंड. शुद्ध हेमॅटाइट १६० किलोग्रॅम घेतले, तर त्यात ११२ किलोग्रॅम लोखंड आणि ४८ किलोग्रॅम ऑक्सिजन असतो. लोखंड तयार करणे म्हणजे हा ऑक्सिजन ओढून काढणे. या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात.

हा ऑक्सिजन ओढून काढायचा कोणी? लोहयुगाच्या आरंभापासून माणसाने हे काम कार्बनाकडे सोपवले आहे. आधी लाकडी कोळसा होता. त्यापायी जंगलेच्या जंगले भट्ट्यांत गेली. १७०९ साली इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत वापरून दाखवला आणि लाकडाची जागा हळूहळू कोकने घेतली. आज जगात दरवर्षी सुमारे १८५ ते १९० कोटी टन पोलाद तयार होते. माणूस हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के भाग या एकट्या उद्योगातून येतो.

कार्बनाचे हे काम हायड्रोजनाला द्यावे, अशी चर्चा आता जगभर चालू आहे. कोणी म्हणतो, हायड्रोजन आला की सगळे प्रश्न सुटले. कोणी म्हणतो, हे निव्वळ थोतांड आहे. मला ही दोन्ही मते उतावळी वाटतात. माझे म्हणणे असे आहे : हिरवा हायड्रोजन ही मोलाची वस्तू आहे आणि पुढची अनेक वर्षे ती अपुरीच पडणार आहे. म्हणून जेथे दुसरा इलाज नाही, तेथे ती आधी द्यावी. अशी पहिल्या पंक्तीची जागा लोखंडाच्या भट्टीची आहे. आपल्या देशाने याबाबतचा निर्णय लवकर, अगदी पुढच्या चार-पाच वर्षांत, घ्यायला हवा. असे का, ते हिशेब मांडूनच पाहू.

कोळशाची तीन कामे

झोतभट्टीचे चित्र तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी घालतात. खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. एक टन लोखंडासाठी कोक आणि कोळशाची भुकटी मिळून सुमारे अर्धा टन इंधन लागते.

हा कोक तेथे एकाच वेळी तीन कामे करतो. तो जळून उष्णता देतो. त्यापासून झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. आणि तिसरे काम, जे आपण बहुधा विसरतो, ते म्हणजे तो भट्टीतल्या ढिगाला आधार देतो. खनिज मऊ होऊन वितळू लागते, तेव्हाही कोकचे टणक तुकडे मधे फटी राखतात. त्या फटींतून वायू वर चढतात आणि वितळलेले लोखंड खाली झिरपते. कोक नसेल तर सारा ढीग खाली बसून भट्टी कोंडेल.

हे तिसरे काम कोणताही वायू करू शकत नाही. म्हणून झोतभट्टीत हायड्रोजन सोडून थोडा कोक वाचवता येतो, पण कोक पूर्णपणे काढून टाकता येत नाही. जमशेदपूर येथे टाटा स्टीलने एप्रिल २०२३ मध्ये एका झोतभट्टीत हायड्रोजन सोडण्याचा मोठा प्रयोग केला. त्यातून सुमारे १० टक्के कोक वाचेल, अशी कंपनीची अपेक्षा होती. प्रयोग मोलाचा खरा. पण उरलेला ९० टक्के कोक जळतच राहतो, हे विसरून चालणार नाही.

हायड्रोजन काय करतो?

हायड्रोजनाला त्याच्या स्वभावाला साजेशी भट्टी हवी. तिला उभी क्षपण-भट्टी म्हणू या. या भट्टीत खनिजाचे गोळे वरून हळूहळू खाली सरकतात आणि तापलेला वायू खालून वर जातो. तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे लोखंड वितळण्याच्या बरेच खाली. येथे काही वितळतच नाही, त्यामुळे आधाराला कोकची गरज पडत नाही. ऑक्सिजन निघून गेला की गोळा आकाराने तसाच राहतो, मात्र आतून सच्छिद्र होतो. यालाच स्पंज आयर्न म्हणतात. पुढे विद्युत् प्रज्योत भट्टीत ते वितळवून, त्यात जरुरीपुरता कार्बन घालून पोलाद करतात. कारण कार्बनाचा थोडा अंश पोलादाला हवाच असतो. या पद्धतीत तो चिमूटभर लागतो, एवढेच.

कार्बन मोनॉक्साइडने ऑक्सिजन घेतला की कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोजनाने घेतला की पाण्याची वाफ होते. भट्टीच्या तोंडातून धुराऐवजी वाफ यावी, ही साऱ्या बेतातली मुख्य गोष्ट. ही वाफ थंड केली की पाणी वेगळे होते आणि न वापरलेला हायड्रोजन पुन्हा भट्टीत सोडता येतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. कार्बन मोनॉक्साइडने होणारे क्षपण थोडी उष्णता बाहेर टाकते, तर हायड्रोजनाने होणारे क्षपण उष्णता शोषून घेते. म्हणजे हायड्रोजन वापरायचा तर बाहेरून उष्णता पुरवावी लागते. निसर्गात फुकट काही मिळत नाही, याचे हे आणखी एक उदाहरण.

हे तंत्र आजचे नव्हे. १९५७ साली मेक्सिकोतील माँतेरे येथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण करून स्पंज आयर्न तयार होऊ लागले. अशा प्रकारच्या अनेक आधुनिक भट्ट्यांत जाणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजनच असतो. १९९९ साली त्रिनिदाद बेटावर केवळ हायड्रोजन वापरणारा कारखानाही सुरू झाला होता. पण तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढलेला होता आणि कारखाना फार काळ टिकला नाही.

खरी नवी गोष्ट घडली ती स्वीडनमध्ये. तेथील एक पोलाद कंपनी, एक खाण कंपनी आणि एक वीज कंपनी यांनी २०१६ साली 'हायब्रिट' नावाचा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. ऑगस्ट २०२० मध्ये लुलेओ येथे प्रायोगिक कारखाना उघडला. २०२१ साली तेथे हिरव्या हायड्रोजनाने लोखंड काढण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यापासून केलेले पहिले पोलाद व्होल्वो कंपनीला देण्यात आले. हिरवा हायड्रोजन म्हणजे सूर्य, वारा, वाहते पाणी अशा स्रोतांच्या विजेने पाण्याचे विद्युत् अपघटन करून मिळवलेला हायड्रोजन. वायूला स्वतःचा रंग नसतो. रंगाचे हे नाव वायूचे नसून त्याच्या जन्मकथेचे आहे. आणि जन्मकथा तपासायची तर गणित करावे लागते.

वहीतले गणित

कागद-पेन्सिल घ्या. फेरिक ऑक्साइडच्या एका रेणूतले तीन ऑक्सिजन अणू काढायला हायड्रोजनाचे तीन रेणू लागतात. म्हणजे ११२ किलोग्रॅम लोखंडासाठी ६ किलोग्रॅम हायड्रोजन. त्रैराशिक मांडले तर एक टन लोखंडासाठी सुमारे ५४ किलोग्रॅम हायड्रोजन येतो.

एक किलोग्रॅम हायड्रोजन मिळवायला विद्युत् अपघटनात सुमारे ५० युनिट वीज लागते. ५४ गुणिले ५० म्हणजे २,७०० युनिट. वायू तापवणे, स्पंज आयर्न वितळवणे इत्यादी धरले की एका टनाचा आकडा सुमारे ३,५०० युनिटांवर जातो. महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाला एवढी वीज जवळजवळ तीन वर्षे पुरेल!

आता पाण्याचा हिशेब. एक किलोग्रॅम हायड्रोजनासाठी ९ किलोग्रॅम पाणी मोडावे लागते. ५४ किलोग्रॅमला झाले ४८६ किलोग्रॅम. पण गंमत पाहा : भट्टीतून निघणाऱ्या वाफेतले पाणीही तात्त्विक दृष्ट्या तेवढेच भरते. ते थंड करून परत वापरता आले, तर रासायनिक क्रियेपुरते पाणी नुसते फिरत राहील. म्हणून 'हायड्रोजन सारे पाणी पिऊन टाकील' ही भीती लोखंडाच्या बाबतीत तरी अतिरंजित वाटते. शुद्धीकरणाला आणि यंत्रे थंड ठेवायला पाणी लागेल, ते वेगळे.

खरी अडचण विजेची आहे. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशापासून होते. सरासरी काढली तर एका युनिटामागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मग ३,५०० युनिटांमागे किती? सुमारे २,४५० किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच टन. आणि भारतात आज एक टन पोलादामागे सरासरी किती कार्बन डायऑक्साइड निघतो? तोही सुमारे अडीच टन!

मित्रांनो, या दोन आकड्यांकडे नीट पाहा. साध्या विजेच्या तारेला जोडून हायड्रोजन केला आणि त्याने लोखंड काढले, तर आपण काहीच कमावले नाही. धुराचे धुराडे पोलाद कारखान्याच्या गावातून उचलून वीजकेंद्राच्या गावी नेऊन ठेवले, इतकेच. चंद्रपूरच्या मुलांना यात काय फायदा आहे, ते त्यांनाच विचारा. स्वीडनमध्ये हा बेत जमतो, कारण तेथील वीज मुख्यतः जलविद्युत, अणुऊर्जा आणि वारा यांपासून येते.

एक मोठा आक्षेप

यावर एखादा चतुर विद्यार्थी विचारील : "स्वच्छ वीज एवढी दुर्मिळ असेल, तर ती आधी घराघरांत का देऊ नये? कोळशाच्या केंद्रातून एक युनिट येताना सुमारे एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ३,५०० युनिट स्वच्छ वीज सरळ तारेत सोडली, तर जवळजवळ साडेतीन टन वाचेल. लोखंडात ती वापरून फार तर अडीच टन वाचतो. मग लोखंडाचा आग्रह कशासाठी?"

आक्षेप बिनतोड आहे. आजच्या दिवसापुरता विचार केला तर हा विद्यार्थी बरोबर आहे. म्हणूनच देशातले सारे लोखंड उद्यापासून हायड्रोजनाने काढा, असे मी म्हणत नाही. तसे करायचे म्हटले तरी जमणार नाही. २०२४-२५ साली भारतात सुमारे १५ कोटी टन पोलाद झाले. ते सारे या पद्धतीने करायला देशाच्या आजच्या एकूण वीजनिर्मितीच्या चौथ्या भागाहून अधिक वीज लागेल.

पण भट्टी ही एका दिवसापुरती वस्तू नाही. झोतभट्टी एकदा उभी राहिली की आतले अस्तर अधूनमधून बदलून ती चाळीस वर्षे सहज चालते. राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०१७ साली असे लक्ष्य ठरवले की, २०३०-३१ पर्यंत देशाची पोलाद उत्पादनक्षमता ३० कोटी टनांवर न्यावी. आपल्याला पोलादाची गरज आहे, यात शंका नाही. भारतात दरडोई पोलादाचा वापर जगाच्या सरासरीच्या जवळजवळ निम्माच आहे. पूल, रेल्वे, दवाखाने, घरे अजून बांधायची आहेत. श्रीमंत देशांनी ती कोळशाच्या पोलादाने बांधून घेतली आणि आता आपल्याला उपदेश करतात, हा राग रास्त आहे. पण रागाने हवा थंड होत नाही. २०३० साली पेटवलेली झोतभट्टी २०७० सालीही पेटलेली असेल. आणि २०७० हेच वर्ष भारताने, २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत, कार्बनाचा जमाखर्च शून्यावर आणण्यासाठी जाहीर केले आहे. आज पंधरा वर्षांचा असलेला वाचक तेव्हा साठीच्या घरात असेल. म्हणजे आज जी भट्टी निवडली जाईल, तिच्यासोबत तुमचे सारे आयुष्य जाणार आहे.

म्हणून माझे उत्तर असे : तारेतली वीज स्वच्छ करण्याचे काम जोरात चालू राहो, त्याला पहिला मान द्यावा. पण त्याच वेळी थोड्या प्रमाणावर हायड्रोजनाने लोखंड काढायला शिकावे, आणि नव्या भट्ट्या बांधताना पुढे हायड्रोजन घेऊ शकतील अशाच बांधाव्यात. पोहायला शिकायचे ते पूर यायच्या आधी.

मोटारीला नंतर का?

आता वाटपाकडे वळू. आपल्या केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. खर्चाची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हिरवा हायड्रोजन तयार करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. अभियानातला मोठा वाटा हायड्रोजन आणि त्याची यंत्रसामग्री तयार करण्यासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. पण हा हायड्रोजन कोठे वापरून पाहायचा, त्याच्या प्रायोगिक योजनाही २०२४ साली जाहीर झाल्या. त्यांत पोलादासाठी ४५५ कोटी रुपये ठेवले, तर रस्त्यावरच्या वाहनांसाठी ४९६ कोटी.

मला हा क्रम उलटा वाटतो. कारण साधे आहे. १०० युनिट वीज बॅटरीत भरून मोटार चालवली, तर ७० ते ८० युनिटांएवढे काम चाकाला मिळते. तीच वीज हायड्रोजन करण्यात घालवली, तो दाबून टाकीत भरला आणि इंधन-घटात त्याची पुन्हा वीज केली, तर चाकापर्यंत २५ ते ३५ युनिटच पोचतात. हायड्रोजनाच्या गाडीला दुपटीहून अधिक वीज लागते. शहरातल्या बसला बॅटरी आहे, आगगाडीला तारेची वीज आहे. स्वयंपाकालाही विजेची शेगडी आहे. हेमॅटाइटला मात्र बॅटरी लावून चालत नाही. त्याचा ऑक्सिजन ओढून घेणारे दुसरे द्रव्य समोर असावेच लागते. विजेने थेट लोखंड वेगळे करण्याचे प्रयोग चालू आहेत, पण ते अजून लहान प्रमाणावर आहेत. खतासाठी लागणाऱ्या अमोनियाचीही गोष्ट तीच : अमोनियाच्या रेणूतच हायड्रोजन आहे, त्याला पर्याय नाही. म्हणून पंगतीत पहिली पाने खताला आणि लोखंडाला मांडावीत. लांब पल्ल्याचे अवजड मालट्रक आणि जहाजे यांचा विचार त्यानंतर करता येईल. घरगुती मोटारीचे पान सर्वांत शेवटी, तेही काही उरले तर.

आपल्याकडे काय करता येईल?

स्पंज आयर्न तयार करण्यात भारत जगात पहिला आहे. हे ऐकून छाती फुगवण्याआधी पुढचे वाक्य ऐका : यातले बहुतेक लोखंड कोळशावर चालणाऱ्या आडव्या फिरत्या भट्ट्यांतून येते, आणि त्यांचा धूर नि काजळी आसपासच्या गावांना चांगलीच परिचयाची आहे. या भट्ट्यांत फक्त हायड्रोजनावर काम भागवता येत नाही. वायूवर चालणारी उभी भट्टीही आपल्याला परकी नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात डोलवी येथे १९९४ पासून नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न निघते. अशा भट्टीला आज नैसर्गिक वायू, उद्या त्यात थोडा हायड्रोजन आणि परवा बराचसा हायड्रोजन देता येतो. बदल टप्प्याटप्प्याने करता येतो, हाच तिचा मोठा गुण. गडचिरोलीत सूरजागडच्या खनिजाभोवती पोलाद कारखान्यांच्या योजना पुढे येत आहेत. तेथे झोतभट्टी उभी करायची की उभी क्षपण-भट्टी, हा प्रश्न महाराष्ट्राने आत्ताच विचारायला हवा. धुराडे उभे राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. झोतभट्टीत खनिजातली माती वितळून मळीच्या रूपाने वेगळी होते. उभ्या भट्टीत ती स्पंज आयर्नमध्येच राहते. म्हणून खनिज फार समृद्ध लागते. आपल्या खनिजात ॲल्युमिनाचे प्रमाण बरेच असते. ते दळून, धुऊन, निवडून घेण्याचे तंत्र सुधारावे लागेल. दुसरी अडचण सूर्याची. भट्टी रात्रंदिवस चालते, सूर्य मात्र संध्याकाळी घरी जातो. रात्रीसाठी हायड्रोजन साठवावा लागतो. लुलेओ येथे त्यासाठी खडकात पोलादी अस्तराची गुहा करून प्रयोग केला आहे.

तिसरी अडचण जमिनीची. वर्षाला १० लाख टन पोलाद काढणाऱ्या कारखान्याला ३५० कोटी युनिट वीज लागेल. एक किलोवॉट क्षमतेच्या सौर तावदानांतून आपल्याकडे वर्षाला सुमारे १,५०० युनिट मिळतात असे धरा, म्हणजे सुमारे २,३०० मेगॅवॉटची तावदाने हवीत. एका मेगॅवॉटला दोन हेक्टर धरले, तर साडेचार हजार हेक्टरांहून अधिक जमीन झाली. ती कोणाची गुरचरण असेल, कोणाचे कोरडवाहू शेत असेल. तिचा मोबदला आणि तिथल्या माणसांचा वाटा यांचा विचार न करता काढलेल्या पोलादाला हिरवे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून सर्वांत स्वस्त लोखंड म्हणजे भंगार! जालन्यात भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. भंगारातल्या लोखंडाचा ऑक्सिजन आधीच काढलेला असतो, त्यामुळे त्याला फक्त वितळवण्यापुरती वीज लागते. पण आपल्या देशात पूल आणि इमारती अजून तरुण आहेत. पुरेसे भंगार निघायला काही दशके लागतील. तोवर खनिजापासून लोखंड काढावेच लागेल, आणि तेथेच हायड्रोजनाचे काम आहे.

पैसे कोणी मोजायचे?

हायड्रोजनाचे पोलाद आज महाग पडते, हे खरे आहे. जून २०२५ मध्ये आर्सेलरमित्तल या मोठ्या कंपनीने जर्मनीतील आपल्या दोन कारखान्यांची अशी योजना सोडून दिली. सरकार मोठे अनुदान द्यायला तयार असूनही हिशेब जमेना. ज्यांना हायड्रोजन म्हणजे जादूची कांडी वाटते, त्यांनी ही बातमी जरूर वाचावी.

पण महाग म्हणजे कोणाला, किती महाग? समजा, एक टन पोलादामागे १५,००० रुपये अधिक पडले. एका मोटारीत सुमारे ९०० किलोग्रॅम पोलाद असते. मोटारीची किंमत साडेतेरा हजारांनी वाढेल. आठ-दहा लाखांच्या गाडीत ही वाढ कळणारही नाही. पण लहानसे घर बांधणाऱ्याला तीन टन सळ्या लागल्या, तर त्याला ४५,००० रुपये अधिक मोजावे लागतील, आणि ते त्याला नक्की कळतील. म्हणून सुरुवात मोटारीपासून आणि सरकारी खरेदीपासून व्हावी. रेल्वे आणि मोठे पूल यांच्या निविदांत ठरावीक वाटा अशा पोलादाचा असावा, म्हणजे कारखानदाराला गिऱ्हाईकाची खात्री मिळेल. घरकुलवाल्याच्या माथी हा भार आज टाकू नये.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर त्यातल्या कार्बनानुसार आकार लावायला सुरुवात केली आहे, तेव्हा कोळशाचे पोलादही पूर्वीइतके स्वस्त राहणार नाही. शिवाय कोकसाठी लागणारा बहुतेक कोळसा आपण परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून, आणतो. ऊन मात्र आपले आहे आणि खनिजही आपले आहे.

शेवटी शब्दांविषयी थोडे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या पोलाद मंत्रालयाने हिरव्या पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निघाला, की ते पोलाद हिरवे. जसजसा आकडा कमी तसतसे तारे अधिक. व्याख्या झाली हे चांगले झाले, आणि दर तीन वर्षांनी ती तपासून पाहायची आहे हेही चांगले. पण जगाची सरासरीच दोन टनांच्या आसपास असताना २.२ ला हिरवे म्हणणे म्हणजे काठावर पास झालेल्याला गुणवत्ता यादीत बसवणे आहे. पुढच्या तपासणीत ही रेषा चांगलीच खाली यायला हवी.

शिक्षकांना एक विनंती. क्षपणाचा पाठ शिकवाल तेव्हा समीकरण फळ्यावर लिहून थांबू नका. ५४ किलोग्रॅम, २,७०० युनिट, अडीच टन हे आकडे मुलांकडूनच काढून घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या जिल्ह्यात नवा पोलाद कारखाना येणार अशी बातमी वाचलीत, तर आपल्या वहीत तीन प्रश्न लिहा : भट्टी कोणत्या जातीची? वीज कोठून येणार? जमीन कोणाची? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही रंगाच्या नावावर विश्वास ठेवू नका, मग ते नाव हिरवे असो की आणखी कोणते.